विचारलं तेवढंच

"हे मला वर्तमानपत्रातून कळतं? मी इथे काय गोट्या खेळायला बसलेय?"

गुप्तचर खात्याची एक कारवाई त्या सकाळी पेपरात फुटली होती आणि समितीच्या अध्यक्षबाई ओरडत होत्या. (भाषांतर माझं; मूळ इंग्रजी छापण्यासारखं नव्हतं.) वॉशिंग्टनमधली ती तळघरातली खोली, बिनखिडक्यांची, फोन बाहेर काढून ठेवायला लावणारी. भिंती अशा की बाहेर अणुबॉम्ब पडला तरी आतला चहा हिंदकळू नये. तरी त्या दिवशी बाईंचा आवाज नदीपर्यंत गेला आणि बदकं उडाली, हे मी शपथेवर सांगेन.

ज्यांच्या अंगावर हा आवाज येत होता, ते काका शांतपणे चष्मा पुसत होते.

काका गुप्तचर खात्याचे आमच्याकडचे दूत. खात्यावर नजर ठेवायची ती आमची संसदीय समिती, आणि त्या नजरेस काय पडावं हे ठरवायचे ते काका. मी समितीचा कर्मचारी, पुण्याचा. ते मूळचे नागपूरचे. सभेत आम्ही एकमेकांना 'सर' म्हणायचो, पण लिफ्टचं दार लागलं की मी 'काका' आणि ते 'काय रे भाऊ'.

खोटं ते कधीच बोलले नाहीत. तीच तर भानगड होती! तुम्ही विचारलं तेवढंच सांगायचे, एक तीळही जास्त नाही. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मी एकदा विचारलं, "काका, पुरणपोळ्या संपल्या का?" ते म्हणाले, "या टेबलावर तरी नाहीत." मागच्या बाजूला काकूंनी डबाभर झाकून ठेवल्या होत्या, हे मला पंगत उठल्यावर कळलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पण काकांची घंटेची कला नसेल पाहिली. मतदानाची घंटा झाली की सभासद वर सभागृहात पळतात. काका माहिती द्यायला यायचे ते बरोबर त्या घंटेच्या तोंडावर. आधी नकाशे, मग आणखी नकाशे, मग वाळवंटाचं असं वर्णन की घशाला कोरड पडावी. खरी गोष्ट सगळ्यात शेवटी. तिला तोंड फुटलं की घंटा, आणि खोली रिकामी. खात्याच्या लेखी मात्र समितीला माहिती 'दिलेली' असायची.

एखादा सभासद फारच टोचायला लागला की काका त्याला खात्याच्या मुख्यालयात फिरवून आणत. संचालकांबरोबर जेवण, दोनचार गुप्त यंत्रं, एक फोटो. सकाळी वाघासारखा गेलेला माणूस संध्याकाळी खात्याची टोपी घालून परत यायचा.

अशा माणसावर मी कसा विश्वास ठेवणार? ते 'गुड मॉर्निंग' म्हणाले तरी मी घड्याळ बघायचो.

मग डेट्रॉइटजवळच्या ॲन आर्बरहून एक बाई आल्या. त्यांचा भाऊ परदेशात याच खात्यासाठी दुभाष्याचं काम करायचा आणि एके दिवशी नाहीसा झाला होता. बाईंनी कोट काढला नाही, पाणी घेतलं नाही. "जिवंत आहे की नाही, एवढंच सांगा," म्हणाल्या. "आई रोज विचारते."

आम्ही खात्याला विचारलं, "हा माणूस तुमच्या ताब्यात आहे का?" उत्तर आलं, नाही. मग विचारलं, "तुमच्या एखाद्या तळावर आहे का?" नाही. फिरवून फिरवून विचारलं, आणि दर वेळी काका सुबक 'नाही' घेऊन हजर.

संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही लोक आमच्याच घरात शोधता रे भाऊ."

"मग कुठे शोधायचं?"

"आमच्या सांगण्यावरून कोणा मित्रानं त्याच्या घरी कोणाला बसवून ठेवलंय का, हे कोणी विचारलंच नाही." आणि तिळगुळाचा लाडू माझ्या हातावर ठेवून निघून गेले.

मी तो लाडू खाल्ला नाही, इतका मला संशय. हा सापळा असला तर? प्रश्न फुसका निघाला तर अध्यक्षबाईंचं हसं होणार, शिवाय समितीला आतून कोण सांगतं याचा माग खात्याला लागणार. काकांनी फुकट काही दिल्याचं मला आठवत नव्हतं. पण ॲन आर्बरच्या बाईंचा फोन रोज येत होता. शेवटी मी तो प्रश्न अध्यक्षबाईंच्या पुढ्यात ठेवला.

बंद खोलीत त्यांनी तो शब्दन् शब्द विचारला. संचालकांनी बाईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून मागच्या रांगेतल्या काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हो."

भाऊ एका मित्रदेशाच्या तुरुंगात होता. वाळलेला, पण जिवंत. सुटून तो डेट्रॉइटला उतरला, सगळं छापून आलं, म्हणून तर मी हे लिहू शकतोय. आई विमानतळावर व्हीलचेअरमधून उठून धावली म्हणतात. आणि बरं का, या गोष्टीत मी काहीही वाढवलेलं नाही.

पुढच्या बैठकीला काकांच्या जागी एक तरतरीत तरुणी आली. समितीतली जुनी खोडं म्हणाली, "वेडा आहेस. खात्यालाच ते बाहेर काढायचं होतं, त्यांनी तुझा वापर केला." असेलही. काकांच्या बाबतीत मी काहीच नाकारत नाही. फोन केले, ते उचलले गेले नाहीत.

मार्चमध्ये इंडियन ग्रोसरीत काकू भेटल्या. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होत्या. मी विचारलं, "काका कसे आहेत? नवीन पोस्टिंग कुठे मिळालं?"

काकूंनी एक जुडी पिशवीत टाकली.

"घरीच असतात. गॅरेज आवरतायत."