वीटकाकांचे साहेब

कोणाच्याही घरी गेले की वीटकाका चहाच्या आधी भिंतीवर टकटक करायचे. अजमानमधल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही आदल्याच दिवशी दूध उतू घालवलं होतं. काकांनी भिंत वाजवली आणि हळहळून म्हणाले, "पोकळ ब्लॉक. खलास." झाला आमचा गृहप्रवेश!

स्वतः अबुधाबीत काचेचे टॉवर बांधायचे, पण जीव सगळा साताऱ्याकडच्या विटांच्या बंगल्यात. इंग्रजांच्या काळात कोणा गोऱ्या साहेबाने आपल्या मळ्यात बांधलेला तो बंगला पुढे काकांच्या वडिलांनी विकत घेतला. त्या साहेबाला काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण बोलायचे मात्र सख्ख्या मामाबद्दल बोलावं तसं. साहेबांना उकाडा सोसायचा नाही, म्हणून दोन फुटी भिंती. साहेबांना फोडणीचा वास चालायचा नाही, म्हणून स्वयंपाकघर अंगणापलीकडे.

ते स्वयंपाकघर काकूंच्या डोळ्यांत सलायचं. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. रिटायर झाल्यावर त्याच बंगल्यात राहायचं, हे काकांनी परस्पर ठरवून टाकलेलं. "साहेबाकडे खानसामा होता, तुमच्याकडे कोण आहे?" असं त्या विचारायच्या. काकांचं उत्तर ठरलेलं, मूळ नकाशाला हात लावायचा नाही.

शेवटी नोकरी संपली, व्हिसा संपत आला, आणि काकूंनी शांतपणे सांगितलं की त्या मुलीच्या व्हिसावर इथेच राहणार. आम्हाला वाटलं, चिडल्यात, ऐनवेळी निघतील. कसल्या निघतायत! काका एकटेच गेले. एअरपोर्टवर त्यांचा चेहरा बघवेना. एरवी त्यांना चिडवल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्या दिवशी नुसती त्यांची ट्रॉली ढकलत राहिलो.

महिन्याभराने त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला. थेट काकूंना लावायची हिंमत नव्हती, दुसरं काय! बंगल्यातल्या साहेबांच्या लिहायच्या खोलीत धूळच धूळ होती. कोपऱ्यात स्वयंपाकाच्या ओट्यासाठी विटा रचलेल्या, आणि काका स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन त्या दोन फुटी भिंतीत खिडकी पाडत होते.

"साहेबांना विचारलंत का?" मला राहवलं नाही.

काकांनी कपाळ पुसलं. "ते कधीच गेले रे. तू तिला विचार, ओटा किती उंच हवा."

काकू आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये, मुलीकडे. मी फोन तसाच नेऊन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी विटांचा ढीग बघितला, खिडकी बघितली. मग कंबरेशी हात धरून म्हणाल्या, "इथपर्यंत. आणि मी आल्याशिवाय बांधू नका."