हँडब्रेक सुटलाच नाही

हँडब्रेकची केबल स्वस्तात बदलून झाली. महाग पडलं ते शेजारच्या सावंतच्या वडिलांचं चुकलेलं डायलिसिस.

मंडळी, आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत गाड्या एकामागे एक लागतात. म्हणून हँडब्रेक कुणी लावत नाही. मागच्याला निघायचं असलं की तो पुढची गाडी ढकलतो. मी मीटिंगमध्ये छातीठोक सांगायचो, "गाडी जुनी असेल, पण माझ्यामागे कुणी अडकणार नाही."

पार्किंगच्या नव्या लाद्यांना उतार आलाय, म्हणून काल कित्येक वर्षांनी हँडब्रेक ओढला. न वापरून केबल आतून गंजलेली. सकाळी माझ्यामागे गाडी लावलेल्या सावंतला वडिलांना डायलिसिसला न्यायचं होतं. दांडा खाली केला, तरी माझ्या गाडीची मागची चाकं जाम.

"काका, ब्रेक सोडा ना!" सावंत ओरडला.

"सोडलाय रे! ढकल तू."

चौघांनी ढकलली, हलली नाही. त्याच्या वडिलांना रिक्षात चढता येत नाही. टॅक्सी मिळून पोचेपर्यंत त्यांचा नंबर गेला. आता उद्या.

जिन्यातून सावंतच्या बायकोचा आवाज आला, "मीटिंगमध्ये बोलायला काय जातं!" खोटं काय बोलली?

दुपारी मेकॅनिकने केबल बदलली. तुम्ही तुमचा हँडब्रेक शेवटचा कधी ओढून पाहिलात?

संध्याकाळपासून माझ्यामागची जागा रिकामी आहे. सावंतने गाडी बाहेर रस्त्यावर लावलीय.