सरांची विजेतेपदं

मी लातूरच्या कॉलेजात बी.ए.ला आले तोवर बेसबॉल हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात मुली खो-खो खेळायच्या, तोही सातवीपर्यंत. प्रवेशाच्या रांगेत आम्ही उभ्या होतो. गळ्यात शिट्टी, पोटावर ताणलेला टी-शर्ट असे एक गृहस्थ रांगेच्या कडेनं फिरत होते, बैलबाजारात फिरावं तसे. उंच, धडधाकट मुलगी दिसली की थांबायचे. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "शेतातली हायेस का?"

"हाव."

"सोयाबीनचं पोतं उचलतीस?"

"हाव, सर."

"मग चार वाजता ग्राउंडवर ये."

हे आमचे सर. कॉलेजचे क्रीडा संचालक आणि बेसबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. पुढे त्यांच्या सत्काराच्या पत्रिकांवर 'मराठवाड्यातील बेसबॉलचे जनक' असं छापलं जाऊ लागलं. तो जन्म कसा झाला ते मला त्यांनीच सांगितलंय. आधी त्यांच्याकडे कबड्डीचा संघ होता आणि तो दर वर्षी पहिल्याच फेरीत हरून यायचा. मग एका उन्हाळ्यात ते कुठेतरी दहा दिवसांचा कोर्स करून आले आणि कबड्डीचं मैदान मोडून बेसबॉलचं आखलं. "कबड्डीला किती कॉलेजं उतरतात? मोजता येत न्हाईत. बेसबॉलला किती? चार. दोन मॅचा काढल्या की चॅम्पियन. डोकं चालवायला पायजे माणसानं." हे सांगताना त्यांना जराही लाज वाटायची नाही. उलट समोरचा आपल्याइतका हुशार नाही याची कीव वाटायची.

त्या चारातलाही एक संघ ऐन वेळी यायचा नाही, कारण त्यांच्या नऊ मुलीच भरायच्या नाहीत. अशा तऱ्हेनं आम्ही दर वर्षी विद्यापीठाचे विजेते. ढाली प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात लागायच्या. पाहुण्यांना त्या दाखवल्या जायच्या आणि पाहुणे माना डोलवायचे. यांनी हरवलं तरी कुणाला, असं विचारणारा पाहुणा मी तीन वर्षांत पाहिला नाही.

खेळ सरांना येत नव्हता. ही निंदा नाही, साधी माहिती आहे. नियमांचं एक झेरॉक्स केलेलं पुस्तक त्यांच्याकडे होतं, तेही अर्धं. मॅच सुरू झाली की ते लिंबाखालच्या खुर्चीतून उठायचे आणि खुणा करायला लागायचे. टोपीला हात, मग नाकाला, मग कानाची पाळी ओढायची, मग दंडावर दोन थापा. परदेशी सामन्यांत प्रशिक्षक करतात तसं. पहिल्या वर्षी मी घाबरून गेले. एवढं सगळं पाठ कसं करायचं? एकदा धीर करून विचारलं, "सर, कान ओढला की काय करायचं?"

"काही न्हाई करायचं."

"मग तुम्ही ओढता काऊन?"

"समोरच्याला वाटलं पायजे ना, आपलं काही तरी चालून राहिलंय म्हणून."

खरं काय ते आम्ही दोघीच ठरवायचो. मी कॅचर, म्हणजे बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी. आणि माझ्यासमोर, मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारी पिचर, ती बिलोलीची. तिचे अब्बा बिलोलीत शिलाईचं दुकान चालवायचे, त्याआधी तिचे दादा, म्हणजे आजोबा, चालवायचे. बारकी होती, माझ्या खांद्याला लागायची. रांगेतून सरांनी तिला निवडलंही नव्हतं. ती आपणहून आली आणि म्हणाली, "सर, मेरेकू एक बार फेकने देव." तिनं फेकल्यावर सरांनी तिचं नाव यादीत लिहून घेतलं.

फेकणं ती मोबाइलवर व्हिडिओ थांबवत थांबवत शिकली होती. बोटं कुठं, मनगट कधी वळतं, पाय कुठं पडतो. होस्टेलच्या मागच्या भिंतीवर मोज्यात चिंध्या भरून तासन् तास मारायची. एकदा सुट्टीवरून येताना तिनं अब्बांच्या दुकानातली शिलाईची टेप आणली आणि मैदानावर ओणवी होऊन अंतर मोजत बसली. सरांनी पावलं टाकून जी रेघ मारली होती ती चार हात जवळ निघाली. म्हणजे इतके दिवस आमच्या सगळ्या पोरी चुकीच्या अंतरावरून सराव करत होत्या. तिनं सरांना दाखवलं. सर म्हणाले, "स्पर्धेत कोण टेप घेऊन बसतंय?" तिनं जुनी रेघ पायानं पुसली आणि नवी मारली. बेसबॉलचा जनक वगैरे शब्द मी ऐकते तेव्हा मला ती ओणवी झालेली दिसते.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचा संघ परराज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला. प्रशिक्षक अर्थात सर. निवड कागदावर झाली होती. दुसरी पिचर म्हणून संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी होती, जिनं तोवर चेंडू फक्त वेचला होता. त्या जागी जळकोटची एक मुलगी यायला हवी होती. तिला सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." ती शेवटच्या वर्षाला होती.

दोन दिवसांत तीन मॅच. तिन्ही बिलोलीच्या मुलीनं एकटीनं फेकल्या. पहिली जिंकलो. दुसरी हरलो. तिसरी होती तिसऱ्या क्रमांकासाठी, आणि त्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागायची शक्यता होती. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. सरांनी पाठ करून घेतलेली ती एकच गोष्ट.

तिचा हात गेलाय हे सगळ्यांत आधी मला कळलं. चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये यायचा तेव्हा थाप मारल्यासारखा आवाज व्हायचा, तो बसका झाला. फेकल्यावर ती हात लगेच खाली न आणता कोपर पोटाशी धरून उभी राहायला लागली. सातातली पाचवी इनिंग, म्हणजे डाव, संपल्यावर मी सरांकडे गेले.

"सर, तिचा खांदा लई दुखालाय."

"मग?"

"दुसरीला टाका."

सरांनी पुतणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती. आपल्याला फेकता येत नाही हे तिलाही कळत होतं. तिचा मला कधी राग आला नाही. सर माझ्याकडे वळले. "दोन इनिंग राहिल्यात. दोन इनिंगनं कोणी मरत न्हाई. तू तिला फास्ट माग."

मी जागेवर जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हळू चेंडू मागू शकले असते. उठून पंचांना सांगू शकले असते. मी एक बोट खाली केलं. एक बोट म्हणजे फास्ट. त्या दोन इनिंगमध्ये ते किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. पण शेवटच्या चेंडूला तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. आम्ही जिंकलो. लिंबू-पाण्याचा ग्लास हातात घेऊन सर मैदानात धावत आले आणि पहिली मिठी त्यांनी संघव्यवस्थापकांना मारली.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसून होती. सरांनी मलमाची ट्यूब दिली आणि "शेतकऱ्याच्या, कारागिराच्या पोरी तुम्ही, तुमची हाडं देशी" असं काहीतरी म्हणाले. महिन्याभरानं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की खांद्याच्या आतला स्नायू फाटलाय. तिनं सरांना फोन केला. दोनदा त्यांनी बर्फ लाव म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा उचलला नाही. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. प्रमाणपत्र होतं, धावण्यातही ती पहिल्या काही जणींत आली, पण गोळाफेकीत गोळा तिच्या पायापुढेच पडला.

त्याच प्रमाणपत्रावर मला एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली. रुजू झाले त्या दिवशी सरांना पेढे दिले. हेही लिहायलाच पाहिजे.

सरांचं पुढे चांगलंच चाललं. त्या तिसऱ्या क्रमांकाच्या जोरावर ते नांदेडच्या मोठ्या कॉलेजात गेले, मग निवड समितीत, मग आणखी कुठल्या कुठल्या समित्यांत. मैदानावर जाणं त्यांनी जवळजवळ सोडलं, विजेतेपदं मात्र येतच राहिली. ते निवृत्त झाले तेव्हा गौरव समितीतल्या एका प्राध्यापकांचा मला फोन आला. "मॅडम, यशस्वी खेळाडू म्हणून तुम्ही पाच मिनिटं बोलायचंय. सरांनी स्वतः तुमचं नाव सुचवलंय."

नांदेडच्या त्या सभागृहात मी तासभर आधी पोचले. सर शेरवानीत होते. मी वाकून नमस्कार केला नाही, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण मागे रांग होती. रांग संपल्यावर मी विचारलं, "सर, आपली पिचर येणार आहे का?"

"कोण गं?"

"बिलोलीची. तीन मॅच फेकलेली."

"अच्छा, ती! हुशार होती पोरगी. लग्न-बिग्न करून गेली असेल की कुठं तरी." आणि त्यांनी फेटा बांधणाऱ्यासमोर डोकं केलं.

मी घरून लिहून नेलेला कागद पर्समध्ये ठेवला. माझं नाव पुकारलं तेव्हा व्यासपीठावर गेले आणि जे झालं ते सांगितलं. मी म्हणाले, ज्या स्पर्धेचा उल्लेख इथं प्रत्येकानं केला, ती एका मुलीनं एकटीनं खेळली. तिचा खांदा दुखतोय हे मी सरांना सांगितलं होतं. सरांनी तिला बसवलं नाही. मीही फास्ट चेंडू मागत राहिले. आज तिचा उजवा हात डोक्याच्या वर जात नाही, आणि तिला या कार्यक्रमाचं बोलावणंही नाही. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, माइक बंद करेल, निदान कुजबुज होईल.

मग पहिल्या रांगेतून टाळी वाजली, आणि पाठोपाठ सगळ्या सभागृहातून. सूत्रसंचालकानं माइक घेतला. "याला म्हणतात त्याग! याला म्हणतात जिद्द! मित्रहो, अशा रणरागिणी सरांच्या तालमीत घडल्या!" सर रुमालानं डोळे पुसत होते. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई भारी बोललीस बाळा. रडवलंस मला."

त्यांना कळलं नव्हतं की कळूनही त्यांनी ते वळवून घेतलं, यावर मी बरेच दिवस विचार केला. आता करत नाही. दोन्ही बाबतीत माणूस तेवढ्याच किमतीचा ठरतो.

पुढच्या रविवारी मी बिलोलीला गेले. ती तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. इतक्या वर्षांत आम्ही ईदला, दिवाळीला फोनवर बोलायचो, समोरासमोर भेटलो नव्हतो. तिनं चहा केला. मी तिला सभागृहातलं सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. ती हसत सुटली. तिला ठसका लागला.

"वर्गात मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते," ती म्हणाली. "वरचं पोरं लिहितात. त्यांना वाटतं मॅडम आम्हाला मुद्दाम फळ्याजवळ बोलावतात." मग कप खाली ठेवून म्हणाली, "तुला एक सांगू? मी दोन वर्षांखाली सरांकडं काम केलंय."

मला कळेचना. ती सांगत गेली. सर बसस्टँडवर भेटले होते. त्यांना ती आठवत होती, चांगली आठवत होती. नांदेडच्या मुलींना फेकायला शिकवणारं कोणी नाही, शनिवार-रविवार येशील का, म्हणाले. ती हंगामभर एसटीनं जात राहिली. त्या हंगामात जिंकलेल्या मॅचांचं सगळं श्रेय सरांच्या खात्यावर गेलं.

"का गेलीस?" माझा आवाज चढला. "त्यानं तुझा हात खाल्ला, आणि तू त्याच्याकडं गेलीस?"

"मला खेळ पायजे होता गं. तो कुणाच्या ग्राउंडवर हाय याच्याशी काय करायचंय मला?" ती शांत होती. "पोरींना एकच कायदा घातला. दुखलं की सांगायचं. फायनलला एकीनं सांगितलं. मी तिला बसवली, दुसरी टाकली, आम्ही हरलो. सर मला सगळ्यांसमोर बोलले. परत बोलावलं न्हाई." तिच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी न पाहिलेलं समाधान होतं.

सरांना तुच्छ लेखण्यात माझी इतकी वर्षं गेली होती आणि तेवढ्यात ती जाऊन शिकवून आली होती.

"तू आज भाषण सांगायला आलीस, का दुसरं काही?" तिनं विचारलं.

"दुसरं," मी म्हणाले.

"मग ते सांग."

मी सांगितलं. एक बोट मी खाली केलं होतं, सरांनी नाही, हे सांगितलं, आणि तिची माफी मागितली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उठून तिनं पोरांच्या वह्यांचा गठ्ठा जवळ ओढला आणि म्हणाली, "एसटीला अजून तास हाय. निम्म्या तू तपास. उत्तरं माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली हायेत."