मुकादमाला उलटं सांगायचं

उमापूरच्या शहादेव मुकादमाचं कधी चुकलं, असं कुणी म्हटलेलं नाही. तो म्हणूच देत नसे. दरसाल आमची टोळी ऊस तोडायला त्याच्यामागे जाते. राहायच्या कोप्या कुठं घालायच्या, तोड कुठून धरायची, सगळं तोच ठरवणार. कुणी काही सुचवलं की हटकून त्याच्या उलट करणार. मग आम्हीही शहाणे झालो. हवं त्याच्या उलटं सांगू लागलो. बांधाकडून तोड धरायची असली की टोळीतली सुनिता म्हणायची, "मुकादम, वाटंकडून धरू." तो लगेच गरजायचा, "तुला काय कळतंय? बांधाकडूनच!"

यंदा दसऱ्याला मात्र त्याच्या बायकोनं, सरस्वतीबाईनं, त्याला कोंडीत पकडलं. "लोकांचं ऐकायचं. एकदा जरी आपलंच खरं केलं, तर त्याच दिशी माझ्या भावाच्या टोळीत जाईन." ती गेली तर निम्मी टोळी तिच्यामागे जाणार, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय तिच्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. त्यानं लिंबागणेशच्या गणपतीची शपथ घेतली. आम्हाला यातलं कुणी काही सांगितलं नाही, आणि तिथंच घोळ झाला.

फडावर पोचलो. कोप्यांसाठी दोन जागा होत्या. एक वरची, मुरमाड. दुसरी पाटालगतची, सखल. शहादेवनं उतरल्या उतरल्या आपली पेटी वर नेऊन ठेवली. आम्हालाही वरचीच हवी होती. पण पेटी ठेवली म्हणून काय झालं, हा कधीही फिरेल, या धास्तीनं अजिनाथ कळवळून म्हणाला, "मुकादम, खालीच राहू. पाणी जवळ हाय."

शहादेवनं गरजायला तोंड उघडलं. त्यानं सरस्वतीबाईकडं पाहिलं. ती कमरेला पदर खोचून उभी होती.

"बरं," तो म्हणाला, "तुमी म्हनता तसं." आणि पेटी उचलून खाली आणली.

आमचा डाव आमच्यावरच उलटला. आता खरं सांगायचं तर इतक्या वर्षांची लबाडी कबूल करावी लागणार. सगळे मुकाट्यानं खाली कोप्या घालू लागले, आणि अजिनाथला मनातल्या मनात शिव्या घालू लागले.

आठवडा झाला नाही तोच पाटाला पाणी सुटलं. फडातून आलो तर पीठ भिजलेलं, गोधड्या चिखलात, अजिनाथची चप्पल शेजारच्या शेतात पोचलेली. सुनिताला राहवलं नाही. तिनं सगळं ओकून टाकलं. "आमाला वरचीच पायजे व्हती, मुकादम. तुमी उलटं करता, म्हनून खालची म्हनलो. लई वर्सं असंच करतोय."

शहादेव लालबुंद झाला. 'माझंच बरोबर होतं' हे वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलेलं आम्हाला स्पष्ट दिसत होतं. मी त्याच्या जागी असतो तर दोनदा म्हटलं असतं. सरस्वतीबाई टक लावून बघत होती.

त्यानं ते वाक्य गिळलं. सुनिताची ओली गोधडी उचलून पिळली. "चला, वर जाऊ. आन् अजिनाथ, हितून फुडं सरळ बोल रं. मला आता उलटं जमत न्हाई."

सरस्वतीबाईनं तिथंच चिखलात उभं राहून भावाला फोन लावला. "दादा, माझी वाट बघू नको," ती म्हणाली.