देवाला न चालणारी झाडं

रोपवाटिकेत गेलं की माणसं विचारतात, ऊन किती लागेल, पाणी किती लागेल. आमच्या शेजारच्या इंदूवहिनी एकच प्रश्न विचारायच्या, "हे देवाला चालतं का?" विकणारा खुशीत "चालतं की, काकू" म्हणाला की त्या रोप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मग नको."

मुलांनो, तुम्ही मागच्या वेळी सोलापूरला आलात तेव्हा ते घर बंद होतं, म्हणून वहिनी तुम्हाला भेटल्या नाहीत. त्या मूळच्या वैरागच्या. उंच, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला. त्यांचे यजमान अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "हूं" आणि "अंहं" एवढंच उरलं. वहिनींनी त्यांची खाट खिडकीशी लावून घेतली, कारण खिडकीबाहेर अण्णांनी स्वतः लावलेली बाग होती. जास्वंद, तगर, कण्हेर, देशी गुलाब.

पण अण्णांना त्यात फूल कधी दिसायचं नाही. आमच्या कॉलनीत पहाटे फिरायला निघणाऱ्यांच्या हातात एक पिशवी असते. कुंपणावरून हात घालायचा, फांदी वाकवायची आणि पिशवी भरायची. पूजेसाठी तोडलेल्या फुलाला आपल्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. अण्णा औषधाच्या गुंगीतून उशिरा जागे व्हायचे, तोवर झाडं ओरबाडलेली असायची. ते क्षणभर बाहेर बघायचे आणि मान भिंतीकडे वळवायचे. मग दिवसभर ती मान तशीच. वहिनींना सगळं सोसायचं, ती वळलेली मान सोसायची नाही.

एकदा त्यांनी नानांना गाठलं. नाना म्हणजे कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर, उंचावरची फुलं काढायला काठीला तारेचा आकडा लावून फिरणारे.

"वहिनी, देवालाच जातंय ना? पुण्य तुमच्याच पदरात," नाना म्हणाले.

"पुण्य लई झालं, नाना. ह्यांना बघायला एक तरी फूल ऱ्हाऊ द्या की."

नाना शरमले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जास्वंद मुद्दाम सोडली. त्यांच्या मागून येणाऱ्या बाईंनी ती तोडली.

त्याच सकाळी वहिनी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "मॅडम, फुलाला मालक लई. आता रंग पानातच पायजे. असलं काय असतं का तुमच्या इंग्रजी पुस्तकात?"

माझ्याकडे बागकामाची पुस्तकं होती, सगळी थंड मुलखातली. त्यातली निम्मी झाडं आमच्या मे महिन्यात करपली असती. वहिनी माझ्याशेजारी बसून नुसती चित्रं बघत होत्या. एका पानावर जांभळ्या पानांचा पट्टा होता आणि त्याला लागून चंदेरी झुडपं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे दोन. ह्यातलं हितं काय जगंल तेवढं सांगा."

पहिल्या खेपेला आम्ही जांभळी झाक हवी म्हणून कृष्णतुळस घेऊन आलो. आठवड्यात तिच्या काड्या उरल्या. वहिनी कुंडीपाशी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "नावच देवाचं, मॅडम. मग कोन सोडतंय?" तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला. शेवटी दोन झाडं त्यांच्या परीक्षेला उतरली. एक जमिनीलगत पसरणारं, गर्द जांभळ्या लांबट पानांचं, ज्याला इंग्रजीत पर्पल हार्ट म्हणतात. दुसरं राखेत घोळल्यासारख्या पानांचं सिल्व्हर बुश, ऊन खाऊन जगणारं. विकणारा म्हणाला, "काकू, ही देवाला चालत नाहीत." वहिनी म्हणाल्या, "मग जेवढी हायत तेवढी द्या."

कुंड्या कुठे ठेवायच्या हे त्यांनी बागेत उभं राहून ठरवलं नाही. अण्णांना खुर्चीत बसवलं, स्वतः त्यांच्या खाटेवर आडव्या झाल्या, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवलं आणि मला बाहेर उन्हात कुंड्या सरकवायला लावल्या.

"जांभळं दिसंना. नुसतं काळं दिसतंय."

"सावलीत आहे म्हणून. डावीकडे घेऊ?"

"घ्या. तुमची डावी न्हाय, माझी डावी."

घामाने माझा चष्मा घसरत होता. कंटाळून मी एक चंदेरी कुंडी त्या काळ्या दिसणाऱ्या पानांना चिकटूनच ठेवली. आतला आवाज थांबला. मी खिडकीशी गेले तर खुर्चीतले अण्णा बाहेर बघत होते. ते म्हणाले, "हूं."

वहिनी उशीवरून उठल्यासुद्धा नाहीत. हलक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "तितंच ऱ्हाऊ द्या, मॅडम."

त्यानंतर सकाळी मान बाहेरच्या बाजूला असायची. नाना एकदा कुंपणाशी थांबले, ती मऊ, करडी पानं त्यांनी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "वहिनी, याचा उपयोग काय?"

"काय बी न्हाय," वहिनी म्हणाल्या. एवढ्या अभिमानाने बोललेलं वाक्य मी क्वचितच ऐकलं आहे.

अण्णा पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. तेराव्याच्या सकाळी नाना पिशवीभर फुलं घेऊन आले. वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली, फोटोपुढे ठेवली. मग बाहेर जाऊन एक जांभळा शेंडा आणि एक चंदेरी डहाळी खुडून आणली. नणंद म्हणाली, "वहिनी, असली पानं चालत नाहीत."

"देवाला चालत नसतील," वहिनी म्हणाल्या. "हे मानूस हुते."

मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्याचंही बरोबरच होतं, एकट्या किती दिवस राहणार? जाताना त्यांनी मला कुंड्यांकडे बघायला सांगितलं नाही, बघीन हे त्यांना ठाऊक होतं. पाणी येईल त्या दिवशी मी नळी कुंपणापलीकडे टाकते. जांभळी पानं आता जमिनीवर उतरून अंगणभर पसरली आहेत, चंदेरी झुडपं खिडकीच्या गजांपर्यंत पोचली आहेत. खिडकी मात्र लावलेली आहे. कधी कधी मी कामात असताना "मॅडम" अशी हाक आल्यासारखी वाटते आणि मी गॅस बारीक करते.

परवा त्यांचा फोन आला. गुडघे, नातवंडं, तुमच्या परीक्षा, सगळं झालं. मी विचारलं, तिथे काही लावलंय का?

"जास्वंद लावलीय गच्चीत. अकरावा मजला हाय. लई फुलं येत्यात, मॅडम, रोज. येत्यात आन् वाळून गळत्यात. हितं तोडायला कोन येत न्हाय."

मी म्हटलं, "मी येते तोडायला."

"या की," वहिनी म्हणाल्या. "पन पहाटेच या. मी जागी नसंन असं धरून चाला."