मागच्या सीटवरच्या सासूबाई

शाळेत शेवटचा तास सुरू होता. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच मी समजले. घरून फोन आला होता. सासूबाई गेल्या... जेवल्या, आपलं ताट स्वतः उचललं, जरा पडते म्हणाल्या आणि पडल्या त्या उठल्याच नाहीत. माझ्या सहकारी शिक्षिका म्हणायला लागल्या, बाई, आज तुम्ही गाडी चालवू नका, कोणीतरी सोडायला येतो. मी नको म्हटलं. मीच गाडी चालवत घरी आले. वाटेत एकदा कडेला घेतली, मनसोक्त रडले, डोळे पुसले आणि पुन्हा निघाले. हा नियम त्यांचाच होता. "रडू आलं तर गाडी बाजूला घ्यायची आणि रडून घ्यायचं. डोळ्यांत पाणी असताना गिअर टाकायचा नाही." त्या बाईने आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण गाडी कशी वापरावी, कशी सांभाळावी, कशी जपावी, यातलं निम्मं मी त्यांच्याकडून शिकले. उरलेलं निम्मं अन्वरभाई मेकॅनिककडून. आता महिना उलटून गेला. शेजारपाजारचे अजून त्यांच्याबद्दल विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

माझं माहेर भिवंडीजवळच्या पूर्ण्याचं. वडील भिवंडीत कापड विणायच्या लूमवर पाळीने कामाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.ए., बी.एड. हे मी आजही अभिमानाने सांगते आणि का सांगू नये? सासर मात्र भिवंडीतलं जुनं, कारकुनी-मास्तरकीचं घराणं. सासरे कोर्टात होते, ते लवकर गेले. सासूबाईंचं, म्हणजे यमुनाबाईंचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझ्या यजमानांनी एका कापड व्यापाऱ्याकडून जुनी पांढरी अँबॅसिडर घेतली आणि वर्ष होतं न होतं तोच त्यांची बदली झाली विदर्भात. गाडी दारात. घरात सासूबाई, मी आणि दोन लहान मुलं.

मला तेव्हा वळ गावाच्या पलीकडे एका खेड्यात हायस्कूलवर नोकरी लागली होती. नोकरी पक्की व्हायची होती आणि मधेच एक अडचण होती. एसटीचा नेम नाही. कधी यायची, कधी भरून यायची, कधी थांबायचीच नाही. मुख्याध्यापकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, बाई, पुन्हा उशीर झाला तर तुमच्या कायम होण्याची शिफारस मी करणार नाही. मी घरी येऊन हे सांगितलं त्या दिवशी चुलत सासरे बापूकाका घरी आलेले. त्यांनी एका वाक्यात दोन्ही प्रश्न निकालात काढले. "वहिनी, गाडी विकून टाका, दारात उभी राहून गंजेल. आणि हिला म्हणावं, पोरं सांभाळ. नोकरी काय पळून जातेय?"

"पळूनच जातेय, भावोजी," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर गाडी लागेल. शकू चालवेल."

बापूकाकांना चहाचा ठसका लागला. "बाई माणूस अँबॅसिडर चालवणार? भिवंडीच्या रस्त्यावर? ट्रक, हातगाड्या, सायकलवर सुताची पोती..."

"हिचे वडील लूम चालवतात. एका वेळी चार-चार. आपण सगळे त्याच कापडाचे सदरे घालतो. गाडीला काय शिंगं आहेत?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला कोणी विचारलंच नव्हतं की तुला चालवायची आहे का. पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. अन्वरभाई माझ्या शेजारच्या सीटवर, सासूबाई मागे, डाव्या खिडकीशी, मांडीवर भाजीची पिशवी. स्टिअरिंगखालचा तो गिअरचा दांडा, चोक, पायाशी असलेलं डिपरचं बटण... अन्वरभाई म्हणायचे, "भाभी, क्लच आहिस्ता छोडो, आहिस्ता." आणि मागून लगेच मराठीत भाषांतर, "झाकण उचलतेस तसं सोड गं, वाफ अंगावर येऊ न देता." मी एकदा गाडी हातगाडीवाल्याच्या पुढ्यात बंद पाडली, तेव्हा तो ओरडला, "क्या बाई, घर का चूल्हा छोड के आयी क्या?" सासूबाईंनी काच खाली केली. "चूल्हा मैं संभालती हूं. तू तेरा टमाटर संभाल." अन्वरभाईंनी हसू दाबायला तोंड फिरवलं.

पण चालवणं हा त्यांच्या मते शिकवणीतला सोपा भाग. त्यांचा खरा भर सांभाळण्यावर. त्यांची भाषा वेगळीच. त्या 'गाडी सुरू केली' असं कधी म्हणाल्या नाहीत. गाडी 'उठायची' आणि 'निजायची'. सकाळी गाडी उठवायच्या आधी बॉनेट उघडून पाणी आणि तेल बघायचं, ऑइलची पट्टी फडक्याने पुसून पुन्हा बुडवून बघायची, चारही टायरांना पायाने दाबून पाहायचं. आणि संध्याकाळी गाडी निजवताना तर साग्रसंगीत. हॅण्डब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, चारी काचा वर, पुढच्या त्या छोट्या त्रिकोणी काचांच्या कड्या लागल्यात का बघायचं, कारण चोर हात घालतो तो तिथूनच. मग प्रत्येक दार एकदा ओढून पाहायचं, शेवटी डिकी. तेव्हा गल्लीतून वायपर चोरीला जायचे, म्हणून वायपरच्या पट्ट्या काढून आणायच्या. त्या आमच्याकडे लाटण्याशेजारी असायच्या. माझ्या मुलीला बरेच दिवस वाटायचं की वायपर ही पोळ्या करायची वस्तू आहे.

त्या चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. अन्वरभाईंनी सांगितलं, बॅटरीत साधं पाणी घालायचं नाही, शुद्ध पाणी घालायचं. सासूबाईंनी आमचं पिण्याचं पाणी उकळलं, गाळलं, निववलं आणि मोठ्या काळजीने बॅटरीत घातलं. अन्वरभाईंनी कपाळाला हात लावला. "अम्माजी, बॅटरी है, बीमार आदमी नहीं! डिस्टिल्ड वॉटर चाहिये, दुकान का." त्या म्हणाल्या, "मग शुद्ध म्हणून कशाला सांगितलंस? दुकानाचं सांगायचं." पण त्याच दिवशी जाऊन बाटली घेऊन आल्या. कोणी चूक दाखवली की ती मनाला लावून न घेता दुरुस्त करायची, हा त्यांचा स्वभाव. माफी मात्र मागायच्या नाहीत. कोणाचीच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी ऐकला नव्हता.

लायसन्स मिळाल्यावर मी रोज गाडीने शाळेत जाऊ लागले. सासूबाई रोज सोबत. मुलं शेजाऱ्यांकडे ठेवायची आणि त्या मागे बसायच्या. शाळेच्या व्हरांड्यात भाजी निवडत बसायच्या, शाळा सुटली की परत. पूर्ण्यावरून जाताना माझे वडील कधी पाळी संपवून घरी आलेले असायचे. पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला थांबले, जवळ आले, बॉनेटवर हात ठेवला. "पोरी, तूच हाकतंस? डायवर न्हाय?" सासूबाई मागून म्हणाल्या, "व्याहीबुवा, ड्रायव्हर हीच. मी आपली बसते." वडील म्हणाले, "लूमवर हात बसायला मला वरीस लागलं. हिचा लवकर बसला." एवढंच. पण त्या दिवशी मी गाडी जरा ऐटीतच चालवली, हे कबूल.

मग तो दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायचीच. सासूबाईंनी झेंडूचा असा भरगच्च हार केला की पुढची जाळी पूर्ण झाकून गेली. लूमच्या पक्क्या सुताने तो घट्ट बांधला, जाताना सुटू नये म्हणून. आणि आमच्याकडची रीत अशी की दसऱ्याचा हार सुकून आपोआप उतरेपर्यंत काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. साहेब येणार, माझा तास बघणार आणि त्यावर माझं कायम होणं ठरणार. आम्ही नेहमीपेक्षा लवकर निघालो. गाडी सकाळी नीट उठवली होती, पाणी-तेल सगळं बघितलं होतं. तरी वळच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा चढायला लागला... आणि बॉनेटच्या फटीतून वाफ.

मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. दोन-तीन जण जमले. एक ट्रकवाला फडकं घेऊन पुढे आला, "बाई, झाकण खोलतो, पाणी टाकून देतो, लगेच निघा." माझं सगळं लक्ष शाळेकडे, मी हो म्हणणारच होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "तापलेल्या कढईत पाणी ओततेस का घरी? थांब." आणि त्या पुढे जाऊन वाकून बघायला लागल्या. मीही वाकले. हाराच्या आड, जाळीमागे, रेडिएटरच्या पात्यांमध्ये कापसाच्या बारीक तंतूंची तूस गच्च बसली होती. आमच्या गल्लीत चोवीस तास लूम चालायचे, हवेतच तूस उडायची. रोज थोडी थोडी बसलेली. त्यावर हा हार. वारा आत जाणार कुठून?

हार काढा, असं म्हणू कशी? दसऱ्याचा हार, त्यांनी बांधलेला, आणि मी सून. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी हार धरला आणि ओढला. सूत तुटेना. ट्रकवाल्याने चाकू दिला. त्यांनी सूत कापलं, हाराला नमस्कार केला, तो बांधावरच्या झाडाच्या फांदीवर ठेवला आणि डोक्यातली फणी काढून रेडिएटर विंचरायला बसल्या. रस्त्याच्या कडेला, नऊवारी खोचून. ट्रकवाला म्हणाला, "आजी, अशी सर्व्हिसिंग मी पाहिली नाही." "बघून घे," त्या म्हणाल्या, "तुझ्या गाडीलाही लागेल." काटा उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मग पाणी घातलं आणि निघालो.

शाळेत पोचलो तेव्हा माझा तास संपून गेला होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत साहेब बसलेले. मुख्याध्यापक मला बघून म्हणाले, "आज तरी, बाई..." पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. माझ्यामागून सासूबाई खोलीत शिरल्या. हाताला काळं, केस सुटलेले, पदराला तूस. त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उशीर हिला झाला नाही. माझ्यामुळे झाला. गाडीचा वारा मी हाराने अडवला. माझं चुकलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तिथे रडण्याची सोय नव्हती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तुसीचं, फणीचं, आणि म्हणाले, "आजी, बसा तुम्ही आधी. बाई, शेवटचा तास घ्या. तो बघतो." मी तो तास घेतला. चांगला घेतला, हे मी नम्रतेने वगैरे सांगणार नाही. काही महिन्यांनी कायम झाल्याची ऑर्डर आली. ती मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, देवापुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेतली तरी त्या जागच्या उठेनात. "आई, निघायचं ना?" "तू जा. मला घरात कामं नाहीत का?" मी एकटी गाडी काढली. गल्लीच्या टोकाला वळताना आरशात पाहिलं तर मागची सीट रिकामी आणि त्या दारात उभ्या, वळणावर मी हॉर्न वाजवते की नाही बघत.

त्यानंतर त्या मागे बसल्या त्या देवदर्शनाला, लग्नाकार्याला, डॉक्टरकडे. नव्वदच्या दशकात पूर्ण्या-वळकडे गोदामं उभी राहायला लागली, रस्त्यावर मोठमोठे ट्रेलर आले, आमची अँबॅसिडर त्यांच्यात म्हातारी दिसायला लागली. पण ती वेळेवर उठत होती. मीही. यंदा मला त्याच शाळेची मुख्याध्यापिका केलं. ही बातमी मी त्यांना त्यांच्या खाटेशी बसून सांगितली. त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता उशीर झाला तर तुझी बाजू सांगायला मी कोणाकडे जायचं?" आणि हसल्या...

मागच्या रविवारी गाडी अन्वरभाईंकडे नेली. त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर हात फिरवला. डाव्या खिडकीशी सीट खोलगट बसलेली, स्प्रिंगा दबलेल्या. अन्वरभाईंनी एक स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली. मग हळूच म्हणाले, "भाभी, अम्माजी की जगह है. ऐसी ही रहने दूं?"

माझ्या मनात तेच होतं. पण त्यांच्या गाडीत मोडकी सीट तशीच ठेवायची, हे त्यांना आवडलं असतं का?

"नाही," मी म्हटलं. "स्प्रिंगा बदला. कापूस भरा. नीट दाबून भरा, अन्वरभाई. त्यांना बसायचं आहे असं समजून भरा."