चाळीस पावलांचे इवाई

नागभीडपासून पार सिरोंच्यापर्यंतच्या रानात जेवढे म्हणून पक्षी आहेत, त्यांतल्या निम्म्यांनी तरी आमच्या व्याह्यांना जवळून पाहिलेलं आहे. व्याह्यांनी त्यांना कितपत पाहिलं, ते मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही. आमच्या चंद्रपूरकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मुलीच्या सासऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय नसते हे मुलीच्या बापांना मी सांगायला नको. दुसऱ्या कुणी मला भल्या पहाटे उठवून, मांडी घालायला लावून, तासन्‌तास डासांच्या हवाली केलं असतं, तर मी पुन्हा त्याच्या वाटेला गेलो नसतो. इवायांच्या बाबतीत मी वर ‘मजा आली’ असंही म्हणून आलो आहे, आणि ते एकदाच नाही.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती आमच्या घरी, लग्नाच्या बोलणीला. पोरांचं आधीच ठरलेलं होतं, पण रीत म्हणून मोठी माणसं बसली. मी मनात उत्तरं घोकून तयार होतो. जयभीम झाला, पाणी झालं, आणि मुद्द्याचं बोलणं सुरू व्हायच्या आत हा गृहस्थ उठून अंगणात गेला. बराच वेळ परत येईना म्हणून मी डोकावलो, तर आमच्या जास्वंदीपाशी उकिडवा बसलेला. मला बोटानेच गप्प केलं आणि कुजबुजत विचारलं, “इवाई, हा शिंपी पक्षी कवापासून घर करून राह्यला इथी?” त्या घरात मी निम्मं आयुष्य काढलं होतं, आणि जास्वंदीची दोन पानं शिवून तिथे कुणी संसार थाटलाय याचा मला पत्ता नव्हता. माझ्या मुलीबद्दल त्यांनी एकच चौकशी केली. झाडाला पाणी घालताना ती घरट्याला धक्का लावते का? ती लावत नव्हती. लग्न ठरलं.

इवायांची सगळी नोकरी रेल्वेत, नागभीड जंक्शनला सिग्नलच्या खात्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा चंद्रपुरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. तिथून त्यांनी एक लांबलचक टेलिफोटो लेन्स उचलली, फिल्मच्या जमान्यातली. तिच्यात मोटर नाही, वीज नाही, काही नाही. जे फिरवायचं ते हाताने. वजन असं की ईनबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तिला ‘वरवंटा’ म्हणतात आणि तसंच म्हणून झाडतात. आता ही म्हातारी लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसायची कशी? मध्ये एक कडी लागते. ती कडी त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या जावयाने केली. तेव्हा तो आयटीआयला होता, टर्नरचं शिकत होता, आणि लेथवर स्वतःच्या अकलेने केलेली ती त्याची पहिली वस्तू. अ‍ॅल्युमिनियमची, चकचकीत. फक्त मापात चुकली. कॅमेऱ्याच्या तोंडाची खोली धरायची राहिली आणि कडी अर्धा सेंटिमीटर जाड झाली.

अर्ध्या सेंटिमीटरने काय होतं, असं मलाही वाटलं होतं. होतं असं की लेन्स कॅमेऱ्यापासून जराशी लांब बसते आणि तिला लांबचं दिसेनासं होतं. चाळीस पावलांच्या आतलं सगळं स्वच्छ, पिसावर पीस मोजून घ्या. एकेचाळिसाव्या पावलापासून जग विरघळायला लागतं. शंभर पावलांवर हत्ती उभा केला तरी धुकं पडलंय असं वाटेल. लोक टेलिफोटो घेतात ते लांबचं दिसावं म्हणून. आमच्या इवायांनी घेतली आणि तेव्हापासून ते जवळचंच पाहतात.

त्यामुळे त्यांना दोन गोष्टी कराव्या लागल्या. एक म्हणजे चाळीस पावलं मोजणं. ते कुठेही मोजतात. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजपासून पंगतीपर्यंत मोजली. माझं अंगठ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आले, तर वॉर्डच्या दारापासून माझ्या खाटेपर्यंत मोजत आले आणि म्हणाले, “अठ्ठावीस. बरोबर हाय.” मला उगाच बरं वाटलं. दुसरी गोष्ट म्हणजे पक्ष्याने आपणहून जवळ यावं यासाठी बसून राहणं. त्यासाठी त्यांनी ईनबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्यांचं एक लपण शिवलं, आणि तळ्याच्या पाळीवर ते उभारून आत बसू लागले. दोन दिवसांनी गावातली एक बाई ईनबाईंना सांगत आली, “बाई, तुमचं काठाचं लुगडं तळ्यावर वाळून राह्यलं, अन्‌ त्यातून कोनतरी खोकलून राह्यलं.” खोकणारा मी होतो.

पण खंड्या त्या काठावर येऊन बसे, हेही खरं. टिटवी पिलं घेऊन समोरून जाई. एकदा नवरंग आला, आणि इतका जवळ की इवायांनी कॅमेरा खाली ठेवला. मी म्हटलं, काढा ना. तर म्हणाले, “थांबा जराकसं. घरी आल्या आल्या कोनाचा फोटो काढते काय?”

जंगलाच्या गेटवर मात्र माझी पंचाईत होई. तिथे जिपांमधून तोफांएवढ्या लेन्सा घेऊन मंडळी आलेली असतात. एका साहेबांनी वरवंट्याकडे कुतूहलाने पाहून विचारलं, “कोणत्या कंपनीची?” इवाई म्हणाले, “घरची.” साहेबांना चाळीस पावलांचं प्रकरण कळल्यावर ते हसले. मग वाघाचा फोटो कसा काढणार? इवायांनी शांतपणे सांगितलं, “वाघाच्या बाबतीत पावलं तो मोजते साहेब, आपन नाई.”

चाळीस पावलांच्या पलीकडच्या पक्ष्याला इवाई ‘आउटरवर हाय’ म्हणतात. स्टेशनाबाहेर सिग्नल न मिळालेली गाडी उभी असते तसा. आयुष्यभर त्यांनी गाड्या आत घेतल्या, आता पक्षी घेतात. आणि या सगळ्यांत एकच गाडी अशी होती की जी तीन वर्षं आउटरवरच उभी होती. तो म्हणजे सारस.

गावापासून थोडं पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये एक सारस येत असे. माणसाएवढा उंच, राखाडी, लाल मानेचा. पूर्वी जोडी होती म्हणतात. आता एकटाच. आपल्या भागातला हा शेवटचाच असावा, असं इवायांच्या मनाने घेतलं होतं, आणि तो जायच्या आत त्याचा एक स्वच्छ फोटो आपल्या हातून निघावा एवढी एकच त्यांची इच्छा होती. सारसाची काहीच इच्छा नव्हती. तो दीडशे पावलांवर उभा राही. इवाई दहा पावलं पुढे गेले की तो शांतपणे दहा पावलं मागे होई. गंमत म्हणजे त्याच बांधीत बाया धान कापत असत आणि तो त्यांच्यापासून वीस पावलांवर चरत असे. हे पाहून इवायांनी एक दिवस विळा हातात घेतला आणि बायांच्या ओळीत वाकले. सारस हलला नाही. तीस पावलं, मग पंचवीस. कॅमेरा गळ्यात, सदऱ्याच्या आत. मी बांधावर श्वास रोखून उभा. त्यांनी सदऱ्याला हात घातलाच नाही. दुपारपर्यंत धान कापलं आणि कंबर धरून परत आले. मी चिडलो. म्हटलं, एवढं केलंत आणि काढला का नाहीत? म्हणाले, “तो माह्या हातातला इळा पाहून थांबला होता, इवाई. कॅमेरा काढला असता त धोका दिल्यासारखं झालं असतं.”

मी मग सरळ विषय काढला. कडी अर्धा सेंटिमीटर घासून आणा, दहा मिनिटांचं काम आहे, सारस दीडशे पावलांवरूनही लख्ख येईल. त्यांनी कडीवरून अंगठा फिरवला. “पोट्ट्याची पयली वस्तू हाय ही. घासली का मंग घासनाऱ्याची होते. त्याची काऊन राहीन?”

पोट्टा म्हणजे आमचे जावई आता पुण्याला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. केसाच्या जाडीइतकी चूक असली तर माल परत पाठवतात. माझी मुलगीही अर्थात तिकडेच. त्या कडीची जावयांना मनापासून लाज वाटे. फोनवर विषय निघाला की म्हणत, “बाबा, ती फेकून द्या. माझं नाव खराब होते.” इवाई ‘हो हो’ म्हणत आणि कडी रुमालात बांधून कपाटात ठेवत.

गेल्या दसऱ्याला जावई आणि माझी मुलगी दीक्षाभूमी करून नागभीडला आले. मीही गेलो होतो. जावयांनी खिशातून एक नवी कडी काढून बापाच्या हातावर ठेवली. स्वतः केलेली, काळी, मापात तंतोतंत. इवायांनी ती उजेडात धरली, फिरवली, ‘मस्त झाली’ म्हणाले आणि खिशात टाकली. खिशात टाकलेली वस्तू तिथेच राहते, हे मुलगा ओळखून होता. त्याचा चेहरा उतरला. मला दोघांचीही दया आली आणि दोघांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं बांधीवर गेलो. धान पिवळं झालं होतं. सारस दीडशे पावलांवर उभा. इवायांनी जुनी कडी लावून कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि नेहमीसारखे वाट पाहत बसले. अर्धा तास गेला. जावई हळूच म्हणाले, “बाबा, एक डाव लावून त पाहा. आवडली नाही त काढून टाका.” इवायांनी जुन्या कडीवरून अंगठा फिरवला. मग खिशातली नवी कडी काढून मुलाला दिली आणि सरकून बसले. “तू लाव. तूच काढ.”

जावयांनी जुनी कडी काढली, ती इवायांनी रुमालात बांधली; मग नवी बसवली, लेन्स फिरवली, श्वास धरला आणि फोटो टिपला. आम्ही पडद्यावर पाहिलं. सारस असा आला होता की त्याच्या डोळ्याचा नारिंगी रंग दिसावा. इवाई बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिले. “तीन वर्षांत याचा डोळा नव्हता दिसला मले,” ते म्हणाले, आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी लवकर काढला नाही. जावई खाली पाहत होते.

मग दोघं पोरं गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेली. बांधावरून ती वळणाआड झाल्याबरोबर इवायांनी नवी कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली, रुमालातली जुनी काढून लावली, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. पोरं परत येताना कशावरून तरी हसत होती, त्यांच्या मागे लांबवर सारस तसाच उभा. पुढे तो थर्मास घेऊन, मागे माझी मुलगी चपला हातात धरून. इवाई ओठातल्या ओठात मोजत होते. एकदाच खट्‌ झालं.

पोरं पुण्याला गेली. पंधरा दिवसांनी इवाई एक पाकीट घेऊन माझ्याकडे आले. आत तो फोटो, मोठा करून घेतलेला. मागे सारस एक राखाडी पट्टा, वर लाल ठिपका. माहीत असेल त्यालाच कळेल. पुढे दोघं. मी म्हटलं, “इवाई, सारस पुसट आला की.”

“सारस आउटरले हाय,” ते म्हणाले. “हे दोघं पोचले ना फलाटावर?”

यंदा धान पिवळं होऊन गेलं, सारस काही आला नाही. इवाई रोज जातात, बसतात, परत येतात. त्याचा तो लख्ख फोटो पुण्याला जावयांच्या भिंतीवर आहे. दुसरा माझ्या खोलीत आहे, आणि मी त्याच्यासमोर पुष्कळदा उभा राहतो. मुलीच्या गालावर आलेली बट त्यात दिसते, कपाळावरचा लहानपणीचा व्रणही दिसतो. मला तिची फार आठवण येते. कडी घासून घ्या, असं मी इवायांना पुन्हा म्हटलेलं नाही.